ठिपके

दांडिया बाजारातल्या या खोलीला एकच खिडकी.
मी आले तेव्हा गजामागे टपाल तिकिटाएवढं होतं ते:
करड्या कागदाची सहा घरं, देठावर उलटी टांगलेली,
आणि एक गांधीलमाशी.
एकटीच.

तरुलताबेन चावी देताना म्हणाल्या, तमे केवा?
मी म्हटलं, मराठी.
ए तो खबर छे. पण केवा?
प्राणिशास्त्रात पीएच.डी. करते, मी म्हटलं.
तोवर चावी माझ्या हातात आली होती.

रोज साडेसहाला खुर्चीवर चढते.
गवताची काडी, डबीतला एनॅमल,
पाठीवर एकेक ठिपका:
पिवळी-निळी, लाल-लाल, नुसती पांढरी.
नावं ठेवत नाही कुणाला,
दोन्ही अर्थांनी.

कागद कुठून आणतात ते मला जूनमध्ये कळलं.
खालच्या हिंचक्याची सागवानी फळी
त्या दातांनी खरवडतात, थुंकीत मळतात, वर आणून लिंपतात.
तरुलताबेनना सांगितलं नाही
की त्यांचं घर थोडं थोडं माझ्या खिडकीत येतंय.

राणी कोण, अंगावरून कळत नाही.
भिंगाखाली धरा, पंख मोजा, कंबर मोजा.
तीच तांबूस पाठ, पोटावर तीच पिवळी रेघ.
परदेशी पुस्तकातल्या चित्रातली थोराड राणी
इथे कुणी पाहिलेली नाही.
लाल-लाल अंडं घालते आणि कडेला गप्प बसते.
कुणाला मारत नाही, ढकलत नाही.
मला दीड महिना वाटत होतं, आजारी आहे.

नवरात्रात मोठी गांधील आली, जवळपास बोटाएवढी.
रात्री चौकात गरबा, दिवसा हिचं काम:
एकेका घरातून अळी ओढून काढायची, चावून गोळा करायचा, न्यायचा.
माझ्या सगळ्या जणी गजावर सरकून बसल्या. बघत.
तिसऱ्या दिवशी देठाजवळच्या घरात
एक अंडं होतं.
हिम पडतं तिथे हिम पडलं की संपतं सगळं.
इथे संपायची तारीख कुणी ठरवून दिलेली नाही.
माझा भाडेकरार अकरा महिन्यांचा.

मार्गशीर्षात सरांनी सांगितलं म्हणून
लाल-लालला चिमट्याने उचललं.
अर्ध्या तासात पांढरी बिथरली.
कालपर्यंत पाणी वाहणारी, सगळ्यांत मागे बसणारी,
ती दिसेल तिच्या पाठीवर चढू लागली, चावू लागली.
आठवडाभर.
मग अंडं. मग तीही गप्प.
डबीतली लाल-लाल त्यानंतर चार दिवस जगली.
कापूस भिजवून ठेवत होते. प्यायची.

सरांना हे मराठीत हवंय, मासिकासाठी.
पहिल्या ओळीत अडकलेय.
त्या इंग्रजी शब्दाला आपल्याकडे एकच शब्द आहे.
लिहिला. खोडला.
श्रेणी लिहिलं. हे रेल्वेच्या डब्यासारखं वाटलं.
वर्ग लिहिलं. वर्गात मीही बसले होते,
पाण्याच्या माठापासून लांबच्या बाकावर.
मग सरळ जे दिसतं ते लिहू म्हटलं:
राणी बाहेर जात नाही.
वाचून पाहिलं, आणि पेन ठेवलं.

काल तरुलताबेन वर आल्या. नवा करार,
आणि काठीला बांधलेला रॉकेलचा बोळा.
चष्मा लावून खुर्चीवर चढल्या. मी खुर्ची धरली.
आमां राणी कई?
ओळखा, मी म्हटलं.
बराच वेळ बघत राहिल्या.
त्यांच्या टाचेच्या भेगांत हळद होती.
मग म्हणाल्या, दूध उतू जाईल,
आणि उतरल्या.

काठी दाराशी राहिली.
रॉकेलचा वास जात नाही.
करारावर सही करायचीय. नावाच्या पुढे
आडनावाची रेघ मोकळी आहे.

आज साडेसहा. घरं एकशे त्रेचाळीस.
पिवळी-निळी परत आलेली नाही.
एक नवी बाहेर आलीय,
पुढच्या पायांनी डोळे पुसत बसलीय.
काडी रंगात बुडवली होती.
वाळू दिली.