पाठचं भावंड

तार्तूच्या अभिलेखागारात, तळमजल्यावर,
हेल्वे कास्क कधीच्या मेलेल्या एका पाद्र्याची वही
टोकदार कंसांत बसवते आहे, गेले सात महिने.
एक शेतघर, त्याच्या पोटात कुटुंब,
कुटुंबाच्या पोटात मुलं, ओळीनं.

विचारायचं ते वाटेनं विचारायचं:
वर जा बापाकडे, खाली उतरा,
किंवा तिथंच उभं राहून बाजूला बघा.
आधीची भावंडं मोजताना आकडे उलटे धावतात.
एक म्हणजे थोरला नव्हे,
एक म्हणजे ज्याचा आखूड झालेला कोट तुला मिळाला, तो.

चुलत, मावस असा अक्षच नाही.
त्यासाठी आजोबांपर्यंत चढून
दुसऱ्या जिन्यानं उतरावं लागतं.

आज तिनं लीनाच्या पाठचं मागितलं.
उत्तरात आली नुसती नवी ओळ आणि आठ मोकळ्या जागा.
चूक तिचीच. कुठलाही नोड चालेल म्हणाली,
आणि दोन मुलांमधली कोरी जागाही नोडच असते.

मग नीट लिहिलं: पाठचं, मूलच, पहिलं.
आला. यूरी. लीनानंतर सहा वर्षांनी.

सहा वर्षं.
हेल्वेनं थर्मासमधला चहा ओतला,
मूळ पानाची छबी मोठी केली.
खाडाखोड नव्हती.
शाईचा एक ठिपका, कदाचित नुसता टाक टेकवलेला.

ठिपक्याला कुठला टॅग लावायचा
हे नियमावलीत नाही.
मोकळ्या जागा झाडून काढणारी आज्ञा
तिनं आजच्यापुरती बंद ठेवली
आणि यूरीच्या पाठचं मागितलं.