पाव इंचाचा उतार

तलाव रिकामा करायला तीन दिवस गेले.
तळाशी निघाली गॉगलची एक काच, दोन नाणी,
आणि ती निळी पायरी, जिच्यावर बसून
रॉस्को पाय बुडवायचा. कधी कधी मोज्यांसकट.

मग इलारिओने भोवतालचं जुनं काँक्रीट फोडलं.
टूसॉनच्या मातीत हातभर खाली गेलं की चुनखडी लागते,
पांढरी, हट्टी, पहारीतून ठिणग्या काढणारी.
पाणी तिच्यात मुरत नाही, वर बसून राहतं,
पंगत उठली तरी न हलणाऱ्या पाहुण्यासारखं.

नवी फरशी मी निवडली. वाळूच्या रंगाची.
अनवाणी पायांना भाजत नाही, असं दुकानदार म्हणाला.
भाजते.

फरशी बसली त्या संध्याकाळी आम्ही नळी सोडून पाहिली
आणि पाणी, सगळंच्या सगळं,
माझ्या स्वयंपाकघराच्या दाराकडे निघालं.
उंबऱ्याशी थांबलं, आत डोकावलं.

इलारिओने पाणसळ ठेवली. बुडबुडा अगदी मधोमध.
"हीच चूक, बाई. मी सपाट केलं.
फुटाला पाव इंच तरी झुकायला हवं होतं."
त्याच्या भाच्याने, चुईने, खिशातली गोटी फरशीवर ठेवली.
ती जराशी थबकली,
आणि रमतगमत दाराच्या बाजूला, माझ्या चपलेपाशी आली.
सपाटही नव्हतं तर.

दोनशे बारा फरश्या पुन्हा उचलल्या,
चुईने प्रत्येकीवर खडूने आकडा घातला,
सात दोनदा.
खालची वाळू उपसताना ती काळी नळी सापडली,
मेस्कीटच्या मुळांनी घशापर्यंत भरलेली,
भिंतीखालून सरळ टॅकेटच्या अंगणात गेलेली.

कुठेतरी पाणी मुरतंय, हे मला फार पूर्वीपासून वाटायचं.
मला वाटायचं, पैशांचं असेल. किंवा बाईचं.
रात्री अकराला टॉर्च घेऊन हा माणूस
तलावामागे गुडघ्यांवर बसून काय करतो?
तर हे करत होता. नळीत तार घालून मुळं ओढत होता.

टॅकेटच्या भिंतीला लोणा लागला तेव्हा
त्याने वकिलाचं पत्र पाठवलं होतं.
रॉस्को म्हणाला, आपला काय संबंध?
त्यावर अकरा वर्षं दोघं बोलले नाहीत.
आणि तरी दर जानेवारीला आमच्या फाटकाला
पपनसांची पिशवी लटकलेली असायची, बिननावाची.
मी समजायचे, चर्चमधून येते.

"आता पाणी कुठे काढू?" इलारिओने विचारलं.
रस्त्याकडे, तर नगरपालिकेची परवानगी.
खड्ड्यात, तर चुनखडी फोडायचे अठराशे डॉलर.
मी हात धुतले आणि पलीकडे गेले.

टॅकेट आता शहाऐंशीचा. नाकात ऑक्सिजनची नळी.
मागच्या अंगणात भिंत पांढरी, पोपडे सुटलेली,
आणि तिच्या कडेला ते पपनसाचं झाड,
एवढं मोठं, की मला त्याची लाज वाटली.
भिंतीबद्दल मी काही बोलणार, इतक्यात तो म्हणाला,
"मेव्हिस, तुम्ही ती बंद करणार का?"

आम्ही नवी नळी टाकली, जाळीसकट. फक्त फरशीवरच्या पाण्याची.
तलावाचं क्लोरीनचं पाणी वेगळं, घरामागच्या सांडपाण्यात.
दर वसंतात लोणा खरवडायला चुई जाईल, मजुरी माझ्याकडून.
इलारिओने दोरी ताणली, खडू झटकला,
आणि या वेळी बुडबुडा मधून जरासा ढळू दिला.

सगळं झाल्यावर चुईने जाळी उचलून
गोटी नळीत सोडली.
आम्ही तिघं ओणवे होऊन ऐकत राहिलो.
आधी खडखड. मग ती कमी होत गेली. मग काहीच नाही.
"अडकली," इलारिओ म्हणाला.

भिंतीपलीकडे कोणी तरी खोकलं. खुर्ची सरकली.
बऱ्याच वेळाने,
जणू वाकायला कोणाला फार त्रास झाला असावा,
भिंतीवरून गोटी आली
आणि रिकाम्या तलावात पडली.