दुधाचा दात

मी वाद्यं दुरुस्त करतो. माणसं नाही.
बुझुकीची मान, लायराची खुंटी,
बारशाच्या गर्दीत कुणीतरी वर बसून चेपलेलं अकॉर्डियन,
लेस्बॉसच्या या उत्तर टोकाला चाळीस वर्षं
सरस, लाकूड आणि उधारी.

त्या हिवाळ्यात किनारा नारिंगी झाला होता
टाकून दिलेल्या जॅकेटांनी.
टीव्हीवर आकडे यायचे. मी आवाज बंद करायचो.
पाद्री बोलले, शाळेच्या बाई बोलल्या,
स्त्रातिसनं कॉफीच्या टेबलावर मूठ आपटली: बेट बुडेल!
मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो.
समोरच्या पाण्यात लोक खरोखरच मीठ गिळत होते तेव्हा.

मग घस्सान आला. दोन पायांत दोन तऱ्हेचे बूट.
घोंगडीत गुंडाळलेलं काही छातीशी.
मला वाटलं, मूल.
ऊद होता.
पोट फुगलेलं, फासळ्यांचे सांधे सुटलेले.
बोट फिरवून चाटलं: समुद्र.
"तीन आठवडे," म्हणालो, "आणि रोख."
त्यानं मान हलवली.
रोख नव्हतेच, ते दोघांनाही ठाऊक होतं.

बटाट्यांच्या पोत्याशेजारी, शेगडीपासून लांब
तो सुकत राहिला.
उचलला की आत काहीतरी खुळखुळायचं.
खडा असेल, किंवा डिंकाचा तुकडा.
पोट उघडलं तेव्हा चिमटीत आला
एक दात. तांदळाएवढा.

दुसऱ्या दिवशी घस्साननं मुलीला आणलं.
जूद. सात वर्षांची, समोरच्या दोन खिडक्या उघड्या.
दात पाहून हसली, मग एकदम रागावली.
बाप सांगत गेला, अर्धं ग्रीक, अर्धं हातांनी:
त्यांच्याकडे पडलेला दात सूर्याकडे भिरकावतात,
म्हणजे चांगला नवा येतो.
(आमच्याकडे छपरावर टाकतात. मी काही बोललो नाही.)
पण तेव्हा ते अकरा दिवस तळघरात होते.
सूर्य कुठला?
उदाच्या तोंडावरच्या नक्षीदार भोकाला
त्यांच्या भाषेत सूर्यच म्हणतात.
तिनं त्यात टाकला.

"दोष आहे तो," मी म्हणालो. "खर्जात खरखर येईल."
जूदनं दात माझ्या तळहातावर परत ठेवला
आणि माझी बोटं एकेक करून मिटली.

मी पोट चिकटवलं. दात आत.

घस्साननं दुकानाच्या उंबऱ्यावर बसून तारा जुळवल्या.
अर्गिरो, बेकरीवाली, मुलाचं अकॉर्डियन न्यायला आलेली,
कोपरापर्यंत पीठ, घाईत,
ती गेली नाही.
स्त्रातिस रस्त्यापलीकडे जाळी घेऊन उभा,
एकच गाठ सोडवत, खूप वेळ.
खर्जाच्या तारेला दर वेळी आत काहीतरी उडायचं,
झोपेत दात खाणाऱ्या पोरासारखं.

माझी आजी याच पाण्यातून आली होती, बावीस साली.
गाव तिला मरेपर्यंत तुर्काचं बी म्हणालं.
गाताना तिला मी एकदाच ऐकलं, चादरी पिळताना;
मी आत आलो आणि ती थांबली.
घस्सान वाजवत होता ते तेच गाणं नव्हतं.
असतं तर गोष्ट सोपी झाली असती.
फक्त ती थांबली होती ती जागा मला आठवली,
आणि तिथून पुढचं काहीच माहीत नाही, हेही.

रविवारी जुना तेलघाणा उघडायचा की नाही, यावर हात वर झाले.
नऊ विरुद्ध आठ.
स्त्रातिस आठांत होता. जाळीत अडकल्यासारखा बसून राहिला,
पण सोमवारी पाणबंब त्यानंच बसवून दिला, शिव्या देत.
संगीतानं जग बदललं असं कुणी म्हणू नये.
एका जागेचं कुलूप निघालं. तेही एप्रिलपर्यंत.
त्याच आठवड्यात उत्तरेला आणखी एक नाव उलटली.
तिच्यात वाद्य होतं का, कुणी विचारलं नाही.

ते पुढे गेले. कुठे, कळवलं नाही.
आता बुझुकी दुरुस्तीला आली की
आधी कानाशी धरून हलवतो.
आत काही नसतं.
गिऱ्हाईक म्हणतं, चांगलंय ना?
मी म्हणतो, हो, चांगलंय,
आणि अजून एकदा हलवून बघतो.