अनामिकेची जागा

मार्चमधला दुसरा शनिवार.
ओहायोतल्या एका चर्चचं तळघर, खोकणारा हीटर,
आणि लांब टेबलांवर उताणे पडलेले हात.
ग्लोव्हच ते, बेसबॉलचे, जुने.
पण आम्ही हातच म्हणतो.
नोंदवही माझ्याकडे असते. कॉफीही.

नियम एकच: विचारल्याशिवाय
दुसऱ्याच्या ग्लोव्हात हात घालायचा नाही.
बाकी सगळं खुलं.
कुणी तुटकी वादी ओवून दाखवतो,
कुणी आपली चूकच मांडून बसतो.
बर्निस ट्रॉक्सेलने एक तेलात बुडवला होता,
मऊ होईल म्हणून.
काळाठिक्कर झाला, भिजल्या मांजरासारखा जड.
दरवर्षी ती तोच घेऊन येते,
कारण दरवर्षी कुणीतरी नवं येतंच
खिशात तेलाची बाटली घेऊन.

एल्डन क्विग्लीला लेबलं पाठ.
मनगटावरची कापडी पट्टी, तिचा दोरा, टाक्यातलं अंतर,
डोळे गेलेत, आता अंगठ्याने वाचतो.
पूर्वी सांगत नसे कुणाला.
झाकली मूठ सव्वा लाखाची,
तशी तीस वर्षं झाकली त्याने.
मग एका शनिवारी, पायरी चुकून पडल्यावर,
गुडघा चोळत मला म्हणाला, लिहून घे.
मूठ उघडली. लाखबिख काही नव्हतं.
माझ्या तीन वह्या भरल्या.

यंदा लॉरेटा हॉस्टेटलर आली,
पावाच्या पिशवीत वडिलांचा ग्लोव्ह.
त्यांचाच असेल, म्हणाली, माळ्यावर सापडला.
एकोणपन्नासपर्यंत खेळायचे, मग सोडलं.
का सोडलं ते तिने सांगितलं नाही,
आम्हीही विचारलं नाही.

एल्डनने अंगठा फिरवला. दोनदा.
ही शिलाई त्रेपन्नच्या आधीची नाही, म्हणाला.
खरं सांगताना त्याचा आवाज बारीक होतो.

मग त्यांचा नाही,
म्हणत ती पिशवीचं तोंड उघडू लागली.

एफ्राइन, वय अकरा,
आजोबांच्या मागे खुर्च्या लावत फिरणारा,
म्हणाला, घालू का हात?
घातला. डोळे मिटले.
आम्ही सगळे कॉफी हातात धरून,
कुणी प्यायलं नाही.
करंगळीशेजारचं बोट, तो म्हणाला,
इथे कुणी बोट घातलंच नाहीये कधी.
आत लोकर ठासलीय.
बाकीची चारही बोटं घासून गुळगुळीत,
हे एकटं अजून नवंकोरं.

अनामिका ती. जिला नावसुद्धा नाही.

लॉरेटा खुर्चीवर बसली.
लाकडाच्या गिरणीत, म्हणाली, डावा हात. एकोणपन्नास साली.
आणि बऱ्याच वेळाने:
रोज संध्याकाळी ते नदीकडे फिरायला जायचे.
फिरायला, म्हणायचे.

कुणाबरोबर? चेंडू कोण टाकायचं पलीकडून?
बर्निसला माहीत नाही. एल्डनला माहीत नाही.
एफ्राइनच्या आजोबांना दोरे माहीत, नदी नाही.
माझ्या वहीत अशा प्रश्नांसाठी रकाना आहे,
सगळ्यात रुंद तोच ठेवलाय मी.
शिलाई: क्विग्ली. बोट: एफ्राइन. गिरणी: मुलगी.
पुढे कोरं.
कुणीतरी येईल एखाद्या मार्चमध्ये
दुसराच ग्लोव्ह घेऊन, त्याच नदीकाठचा.
किंवा नाहीही येणार.

हीटर बंद पडला तेव्हा आम्ही आवरायला घेतलं.
बर्निस दारापाशी कुणाची तरी बाटली जप्त करत होती.
लॉरेटा तशीच बसलेली,
समोर तो ग्लोव्ह, तिच्याच बापाचा,
आणि ती आम्हाला विचारत होती,
मी घालू का हात?

एल्डनला दिसत नाही.
तरी मान आधी त्यानेच हलवली.