भिरंड

डॉक्टर कुंकळकरांनी मानेवर पाच ठिकाणी टोचलं
आणि तासभर आम्ही तिघं बघत उभे राहिलो
कुठे थेंब फुटतो का.
डॉक्टरांचा सदरा पाठीला चिकटलेला,
सुकूरच्या हनुवटीवरून टपटप,
माझ्या चष्म्यावर धुकं.
मे महिन्यातल्या त्या हळदोण्यात
एकटी भिरंड कोरडी.

"हिला घाम यायचा थांबलाय," ते म्हणाले,
"दमट हवेत होतं असं काही घोड्यांना.
घाटावर पाठवा, नाहीतर वापरणं सोडा."
वापरणं.
हा शब्द मी घरी घेऊन आले,
रात्रभर कुठे ठेवावा ते कळेना.

पुण्याच्या शर्यतींतून उतरलेली, नऊ वर्षांची,
पिकल्या भिरंडीच्या सालीसारखी काळी-लाल.
कागदावर नाव भलतंच, काहीतरी डायमंड.
आल्या दिवसापासून मी तिला
पळू नकोस, एवढंच शिकवत होते.
पळणं तर भीतीलाही येतं, बाई.
थांबायचं, चारही खुरं चौकोनात,
कान माझ्याकडे, ते अवघड.

मग चारला उठणं सुरू झालं.
नदीकाठच्या वाळूचं मैदान, वीस बाय चाळीस,
कडेला रंगाचे रिकामे डबे, त्यांवर अक्षरं:
ए, के, ई, एच…
ही मुळाक्षरं कुणी अशी विस्कटली, देव जाणे.
मधला एक्स मात्र कुठेच लिहीत नाहीत.
तो स्वाराला ठाऊक असावा लागतो
आणि घोडीला मान्य.

कुशीवर हात ठेवून श्वास मोजायचे.
साठ. अठ्ठ्याऐंशी. बस, उतर.
ऊन माडांच्या वर आलं की खोगीर खाली,
पंखा, बादल्या, पुन्हा बादल्या,
आणि कायतानच्या बारमधली काळी बिअर, रोज एक,
घोडेवाल्यांचा जुना उपाय.
डॉक्टर हसले, पण नको म्हणाले नाहीत.
कायताननं उधारीच्या वहीत नवं पान उघडलं:
भिरंड, घोडी.
गावानं ते पान माझ्या नावावर वाचलं.

जुलैत खुरात पू झाला.
कोमट पाणी, आगराचं मीठ, बादलीत तिचा उजवा पाय,
आणि मी पालथ्या डब्यावर, दुकानाची बिलं मांडीवर.
कंटाळून तिनं हनुवटी माझ्या डोक्यावर टेकली
आणि बेरीज चुकली. चुकू दिली.
दिवाळीपर्यंत लंगडणं गेलं.
गेलं, म्हणजे मला दिसेनासं झालं.
सुकूरला दिसत होतं. तो आठवडाभर बोलला नाही,
मग एके सकाळी म्हणाला, "आज बरी."

जानेवारीत वेर्ण्याच्या पठारावर स्पर्धा.
सकाळची वेळ मागितली होती, मिळाली अकरा चाळीसची.
काळा कोट, तापलेला कातळ,
सुकूर ओला टॉवेल घेऊन कुंपणाशी.
प्रवेश. थांबा. नमस्कार.
चौकोनात थांबली! मागचा डावा जरासा बाहेर, पण थांबली.
मग दुडकी, वर्तुळ, सी पाशी डावीकडे,
आणि तिथं, लगामाखाली, मानेवर
काहीतरी चमकलं.
रुपयाएवढं. ओलं.
फेसाची पांढरी रेघ धरून हळूहळू पसरत गेलेलं.

मी बघतच राहिले.
ई आलं, गेलं.
वळायचं होतं, वळले नाही.
घंटा वाजली. परीक्षकबाईंनी जागा दाखवली,
दोन गुण वजा.
शेरा: घोडी आज्ञाधारक, स्वाराचं लक्ष नाही.

परतताना कायतानचं पान मिटवायला थांबले.
"कितवी आयली?"
"अकरावी."
"कितल्यांत?"
"अकरांत."
त्यानं एक बाटली पुढे सरकवली. ही तुका, म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पहाटे
मानेवरून हात फिरवला. कोरडी.
कानामागेही. छातीवरही.
सुकूरनं कंदील उचलला, काही विचारलं नाही.
आम्ही अंधारात मध्यावर गेलो,
जिथं काहीच लिहिलेलं नाही,
आणि थांबलो.
मागचा डावा अजून जरा बाहेर होता.