बुंधे

रॉइसच्या अंगणात दोन होड्या, शेजारी शेजारी ट्रेलरवर.
एक लाल, फायबरग्लासची, अंगभर चमकीचा चुरा,
उन्हात अशी लखलखते
की बघणाऱ्याने आधी आपली टोपी सारखी करावी.
दुसरी ॲल्युमिनियमची. रंग शेवाळी.
डाव्या कुशीला पोचा.

सव्वीस वर्षं शाळेची बस चालवली मी,
दुसऱ्यांची पोरं, दुसऱ्यांनी आखलेली वळणं.
आता पहिल्यांदाच असं काही घेते आहे
ज्यात एक माणूस बसलं तरी भरल्यासारखं वाटेल.

रॉइस म्हणतो, "व्हर्लीन, लाल घे.
वारा सुटला, लाटा गुडघाभर झाल्या,
तरी ही पाण्याला कळू न देता जाते.
त्या पत्र्यात तुझी हाडं खुळखुळतील.
आणि पाय जरा आपटला की बोभाटा,
बास मासा पार टेक्ससच्या बाहेर."

हॉलिसची होती फायबरग्लासची. निळी.
तीन मोसम दृष्ट लागावी अशी चालली,
चौथ्यात एका बुंध्यावर चढली.
वरून नुसती केसाएवढी रेघ.
त्याने ती अंगठ्याने पुसली, म्हणाला, काही नाही.
आत पाणी मुरत राहिलं दोन वर्षं,
आणि मागची फळी, जिच्यावर इंजिन टांगतात,
तिचा झाला चहात पडलेला पाव.
एवढं सांगून तो पेट्रोल पंपाच्या पळत्या आकड्यांकडे बघत राहिला.
घटस्फोटाबद्दल बोलताना याहून कमी हळहळला होता.

भाऊ डेल्बर्ट फोनवर:
"तुझा ट्रक किती ओढतो, ते आधी बघ."
मी ट्रककडे बघितलं.
ट्रकने माझ्याकडे बघितलं.

शेवटी कलिंगड घेताना वाजवतात
तशा दोघी बोटांच्या पेरांनी वाजवून पाहिल्या.
लाल म्हणाली, ठप्.
दाराआड कुणी आहे, पण उघडणार नाही, तसं.
शेवाळी म्हणाली, टण्ण,
आणि बराच वेळ म्हणतच राहिली.

खरं सांगते, मन लालवर होतं.
घेतली शेवाळी.
ट्रक, पैसे, हॉलिसची फळी,
कारणं सगळी खरी,
आणि तरी मध्यरात्री उठून खिडकीतून पाहिलं,
अंगणात काही चमकत नव्हतं,
तेव्हा जरा वाईट वाटलं.

धरण व्हायच्या आधी हे खोरं जंगल होतं.
माझे वडील करवतवाल्यांच्या टोळीत, रोजावर.
मुकादम म्हणाला, मुळं उपसत बसू नका,
वरून पाणीच येणार आहे, कोण बघतंय.
म्हणून कमरेएवढे बुंधे ठेवले त्यांनी, मोजता येऊ नयेत इतके,
आणि रोज संध्याकाळी घरी येऊन
पायरीवर बसून बुटांतला भुसा झटकला.
पोहता येत नव्हतं त्यांना.
पाणी चढलं तेव्हा एकदाच बघायला आले,
गाडीतून उतरले नाहीत.

मंगळवारी पहाटे होडी पाण्यात सोडली.
वाळक्या सायप्रसच्या रांगेपाशी इंजिन बंद केलं,
धुकं इतकं, की गळाचं टोक दिसेना.
दोनदा फेकला. तिसऱ्यांदा दोरी गुंडाळत होते,
तोच खालून
टण्ण.

घासणं नाही, ओरखडा नाही.
एकच ठोका, पेराने वाजवावा तसा.
पत्रा पायांखाली बराच वेळ बोलत राहिला.
मासे तर केव्हाच पसार.

सव्वीस वर्षांची सवय.
कुणी बाहेरून ठोठावलं, की विचार करायच्या आत
माझा उजवा हात पुढे गेला,
दार उघडायचा दांडा शोधत,
धुक्यात.