दुसरी बाजू

जूनअखेर. ट्रॉम्सोत रात्रीचे साडेअकरा
आणि ऊन थेट सिग्रुनच्या माळ्यावर.
सहा जण, यंदाच्या सहा तबकड्या,
वर्तमानपत्रावर उकडलेल्या कोळंबीचा ढीग.

टोरब्यर्न चार महिने एकच अल्बम ऐकतोय
ट्रॉलरवर, इंजिनाच्या घरघरीत.
"ड्रमवाला कच्चा आहे," ईडुन म्हणाली
आणि जुंपली, खरीखुरी,
हातातली सालं हातातच.

मग ओडव्हार.
मार्चात घेतलेली तबकडी त्यानं काढली,
एक बाजू लावली. चार गाणी.
कुणाला घोट घ्यायचंही सुचलं नाही.
सुई उचलून त्यानं ती पाकिटात सरकवली.

"आणि दुसरी बाजू?"
"ऐकली नाही अजून.
नोव्हेंबरात सूर्य गेला की
काहीतरी न उघडलेलं लागतं घरात."

ईडुननं बोटं पुसली.
"कितव्या तारखेला?"